उंबरठ्याच्या आतलं कुत्रं

आमच्या घरात कुत्र्याची हद्द ठरलेली होती. अंगण त्याचं, पडवी पावसापुरती त्याची, आणि ओटीची पायरी लागली की आजीचं राज्य. कुत्र्यानं पुढचे दोन पाय जरी पायरीवर ठेवले तरी आतून "हाड!" असा आवाज यायचा. आजी मुळात हळू बोलणारी बाई, पण त्या एका शब्दाला तिचा आवाज पार गोठ्यापर्यंत जायचा.

कुत्र्याचा तिला राग होता असं मात्र नाही. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना ती रोज हळदकुंकू वाहायची. नामदेवांची पोळी कुत्र्यानं पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट आम्ही तिच्याच तोंडून ऐकली. धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत कोण गेलं, तर कुत्रं, हेही तीच सांगायची. जेजुरीच्या खंडोबाचे वाघ्ये देवाचं कुत्रं म्हणवून घेतात आणि कोटंब्यात भिक्षा घेतात, याचं तिला कौतुक. आमच्याच जिल्ह्यात रायगडावर वाघ्याचा पुतळा आहे. त्या कथेला समकालीन कागदांचा आधार नाही असं अभ्यासक सांगतात, २०१२ साली त्यावरून मोठा वादही झाला. आजीला त्या वादाशी देणंघेणं नव्हतं. मी एकदा विचारलं, "मग आपलं कुत्रं घरात का नाय येऊ देत?" ती म्हणाली, "देवाचं कुत्रं चावत नाय बाला."

त्या उत्तरामागची गोष्ट मला फार उशिरा कळली.

आजीचं माहेर कर्जतकडचं. ती बारा वर्षांची असताना, म्हणजे १९३६ सालच्या आसपास, तिच्या धाकट्या भावाला गल्लीतलं कुत्रं पोटरीला चावलं. जखम चिमूटभर. घरच्यांनी चुना आणि मिरची भरली, भगताकडून झाडून घेतलं, आणि चार दिवसांत सगळे विसरले. दोन महिन्यांनी पोराला ताप आला. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला तर त्यानं तोंड फिरवलं, घसा आवळल्यासारखं करायला लागला. तिसऱ्या दिवशी तांब्या नुसता दिसला तरी किंचाळायचा. पाचव्या दिवशी गेला. आजी त्या पाच दिवसांत खोलीच्या दाराशी बसून होती. कुत्र्याच्या लाळेत मरण असतं हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

यातला खरा चटका असा की तेव्हा लस होती. पाश्चरनं १८८५ सालीच पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस देऊन फ्रान्समधल्या एका मुलाला वाचवलं होतं. आपल्याकडे कसौलीला १९०० साली पाश्चर संस्था निघाली, आणि तिथेच १९११ च्या सुमारास सेंपल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरानं मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटात चौदा इंजेक्शनं म्हणतात ती हीच. लस होती, पण कर्जतच्या रानातल्या पाड्यावर तिची खबर नव्हती. पुढे खबर आली तेव्हा चौदा इंजेक्शनांची भीतीच एवढी, की चावलेलं पोर मारच्या भीतीनं घरी सांगायचं नाही. ही जुनी लस सरकारनं बंद केली ती थेट २००४-०५ मध्ये. आता दंडात चार-पाच वेळा टोचतात, आणि त्याआधी जखम साबणाच्या वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवायची. शाळेत मी मुलांकडून ही पंधरा मिनिटं घड्याळ लावून करून घ्यायचो. चुना नाही, मिरची नाही, हळदसुद्धा नाही. माझ्या आजीच्या भावाला साबणाचा तुकडा आणि रेल्वेचं तिकीट मिळालं असतं तर मला एक मामेआजोबा असते.

तर अशा घरात मी वाढलो. पाताळगंगेच्या काठी, खालापुरापासून चालत अर्ध्या तासावर. समोर ईर्शाळगडाचं नेढं. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. रायगड झालं ते १९८१ साली. कुत्री गावात भरपूर, पण 'पाळलेलं' म्हणावं असं एकही नाही. ज्याच्या दारात भाकरी मिळेल त्याचं ते. नावं दोनच, काळ्या आणि मोत्या. अंगाला हात लावायचा तो फक्त गोचीड काढायला, तोही कुणी हौशी असेल तर.

कुत्र्याला शिकवतात हे मी पहिल्यांदा पाहिलं ते कातकरवाडीत. वाडीतला एक म्हातारा होता. त्याच्याकडे कायम दोन-तीन कुत्री. लहान चणीची, आखूड केसांची, उभ्या कानांची, पाठीवर हात फिरवला तर बरगड्या मोजाव्यात अशी. शिकारीचे दिवस १९७२ च्या कायद्यानंतर सरत आले होते, पण कापणी झाल्यावर बांधातले उंदीर खणून काढायला तो कुत्र्यांना घेऊन जायचा. ती बिळाशी जाऊन नाक लावायची आणि थांबायची. उकरायची नाहीत, भुंकायची नाहीत. मी विचारलं, हे कसं शिकवलंस? तो म्हणाला, "मी काय शिकवणार? मोठा करतो ते ल्हान बघतो. बरोबर केला का तवाच खायाला द्यायचा. उशिरा दिला तर त्याला कशाचा दिला ते कळत नाय." पुढे मी बी. एड.ला मानसशास्त्राचं जाडं पुस्तक वाचलं. त्यातली चाळीस पानं या म्हाताऱ्यानं तीन वाक्यांत सांगितली होती.

दुसरी शाळा खोपोलीत. घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीजघर सुरू केलं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. ते वापरून सोडलेलं पाणी पाताळगंगेला येतं, म्हणून आमची नदी मे महिन्यातही वाहते. वीजघराबरोबर कॉलनी आली, बंगले आले, आणि बंगल्यांत आली सायबाची कुत्री. माझे थोरले काका तिथे एका पारशी कुटुंबाकडे माळीकाम करायचे. १९७४ साली मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गेलो आणि गवतात एक चार पायांचं बाकडं चालताना पाहिलं. पाय वीतभर, अंग हातभर, कान लोंबते, रंग भाजलेल्या चिंचोक्याचा. ऊन पडलं की पाठ तेल लावल्यासारखी चमकायची. ते डॅशहुंड. जर्मनीत बिळात शिरून बिज्जू हाकलायला ही जात तयार केली, म्हणून पाय आखूड. आमच्या म्हाताऱ्याच्या कुत्र्यांच्याच धंद्यातलं, फक्त पगार जास्त.

पारशी माणसाचं आणि कुत्र्याचं नातं आपल्यापेक्षा वेगळं. त्यांच्यात माणूस गेल्यावर प्रेताला कुत्र्याची नजर दाखवण्याचा विधी आहे, सगदीद म्हणतात. १८३२ साली मुंबईत पोलिसांनी बक्षिसाच्या आशेनं रस्त्यावरची कुत्री मारायला सुरुवात केली, घरांच्या दारातली कुत्रीही सुटेनात, तेव्हा फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. मुंबईच्या इतिहासातल्या पहिल्या दंगलींपैकी ती एक, आणि ती कुत्र्यांवरून. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळही त्याच समाजाच्या देणगीतून १८८० च्या दशकात उभं राहिलं. तर त्या बंगल्यातल्या बाईंनी काकांना दोन वर्षांत माळ्याचा कुत्रेवाला केला. काका अडाणी, पण हाताला शिस्त. बाईंनी सांगितलं ते त्यांनी पाठ केलं.

मला ते सगळं दाखवायचे. "हे बघ, आखूड केसाला कंगवा नाय चालत. बैलाला खरारा करतो ना, तसा रबराचा ब्रश. आधी उलटा, मग सुलटा. मरतील ते केस निघतात. मग फ्लॅनेलचा फडका." कान उचलून आत वास घ्यायचा, आंबूस आला तर आत मळ आहे. नखं वाजायला लागली फरशीवर, की कापायची वेळ. आणि उचलायचं ते दोन हातांनी, एक छातीखाली, एक मागच्या पायांखाली. या जातीचा कणा लांब, ओट्यावरून उडी मारू दिली तर एक दिवस मागचे पाय जातात. काका हे सांगताना आवाज बारीक करायचे, कारण घरी आजीला कळलं असतं की थोरला दिवसभर कुत्र्याच्या कानाचा वास घेतो, तर त्यांना विहिरीवर अंघोळ करून आत यावं लागलं असतं. तसे ते रोज करायचेच.

यानंतर तीस वर्षं आमच्या घराचा नि असल्या कुत्र्यांचा संबंध आला नाही.

मग रस्ता आला. २००२ साली मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे पूर्ण सुरू झाला, खालापूरला टोलनाका बसला, आणि मुंबईहून आमचा तालुका दीड तासावर आला. भाताची खाचरं विकली गेली आणि त्यांवर फार्महाऊसं उठली. पाठोपाठ २००३ साली टीव्हीवर ती हचची जाहिरात आली. एक लहान मुलगा, आणि तो जाईल तिथे मागे मागे जाणारा एक चपट्या तोंडाचा पग. गोव्यात चित्रित झालेली साधीसुधी जाहिरात, पण तिनं देशाला वेड लावलं. तोवर आपल्याकडे हौशीचं कुत्रं म्हणजे पांढरं, झुबकेदार पामेरियन. आता सगळ्यांना आखूड केसांचा, काळ्या तोंडाचा पग हवा झाला. दुकानातसुद्धा लोक 'हचवालं कुत्रं' मागायचे.

पग मुळात चीनचा. तिथल्या राजवाड्यात मांडीवर बसायला म्हणून शेकडो वर्षं जोपासलेला, डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेलेला, व्हिक्टोरिया राणीनं पाळलेला. मांडीवर बसणारं जनावर ते. नाक एवढं बसवलेलं की श्वास पुरेपूर आत जाणं मुश्किल, आणि कुत्र्याला तर अंगातली उष्णता बाहेर टाकायला मुख्य आधार धापेचाच. असं कुत्रं खालापूरच्या मे महिन्यात आणून सोडणं म्हणजे काय, ते जाहिरातीत दाखवत नाहीत.

२००६ च्या मे महिन्यात शेजारच्या फार्महाऊसचा राखणदार असाच एक पग काखेत घेऊन माझ्याकडे आला. मालक परदेशी गेले होते, परत कधी येणार ठाऊक नाही, आणि पत्र्याच्या खोलीत ते जनावर दुपारी डोळे पांढरे करत होतं. "गुरुजी, शाळेच्या व्हरांड्यात ठेवा, मरंल नायतर." वय दोनेक वर्षं, वजन सहा-सात किलो. गळ्यातल्या पट्ट्यावर ब्रूनो असं नाव. मी ते घरी आणलं. आजी तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. ओटीवर बसून तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे वानराचं हाय का कुत्र्याचं?" नाव सांगितलं तर तिला ते 'बुरणूस' ऐकू आलं. अंगावर बोटभरही केस नाही आणि नाव बुरणूस! पण तेच राहिलं.

मी त्याला पडवीत बांधलं. मुलीनं आत घ्यायचा हट्ट केला. आजीनं एवढंच म्हटलं, "माझ्या जिवंतपणी नाय."

पण पडवीला कौलांचा ताव लागायचा, आणि पग धापा टाकून टाकून लोळायचा. चौथ्या दिवशी दुपारी मी ओल्या गोणपाटावर त्याला मधल्या खोलीत ठेवलं. आजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी काकांना निरोप धाडला. काका निवृत्त होऊन गावातच होते. काठी टेकत आले, बुरणुसाच्या कानाचा वास घेतला आणि म्हणाले, "घरात ठेवायचा तर घरातला करावा लागेल. नायतर म्हातारीचं बरोबर हाय."

इथून आमची शाळा सुरू झाली.

पहिला धडा मुतण्याचा. लहान कुत्र्याची पिशवी लहान, त्याला फार वेळ धरवत नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं, की लगेच उचलून बाहेर, रोज त्याच फणसाखाली. झालं की तिथल्या तिथे शाबासकी आणि भाकरीचा चिमूटभर तुकडा. घरात आल्यावर दिला तर त्याला वाटतं घरात आल्याबद्दल मिळाला. आमच्या गावाची जुनी रीत म्हणजे घाण केली की तिच्यात नाक घासायचं आणि पेकाटात लाथ. काका म्हणाले, त्यानं एकच शिकतो, माणसासमोर मुतायचं नाही. मग कपाटामागे जाऊन मुततो. चुकलं तर न बोलता पुसायचं, आणि पुढच्या वेळी आपण आधी उठायचं. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत कुत्र्यापेक्षा आमचंच वळण जास्त बदललं.

दुसरा धडा शब्दांचा. मुलगी म्हणायची 'सिट', बायको म्हणायची 'खाली बस बघू', मी म्हणायचो 'बैस'. बुरणूस तिघांकडे पाळीपाळीनं बघून जांभई द्यायचा. शेवटी जेवताना ठराव झाला: 'बस', 'ये', 'थांब' आणि 'सोड'; चार शब्द, सगळ्यांचे तेच. तुकडा नाकाजवळून डोक्यावर नेला की मान वर होते आणि बूड आपोआप टेकतं. टेकलं त्याच क्षणी 'बस' आणि तुकडा. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. त्याहून जास्त केलं की पगला कंटाळा येतो आणि तो सरळ झोपतो. चौथीच्या वर्गाचंही तेच असतं, फक्त त्यांना झोपता येत नाही.

लहान कुत्र्याच्या बाबतीत माणूस एक चूक हमखास करतो. मोठं कुत्रं अंगावर उडी मारतं तेव्हा आपण त्याला रोखतो. लहान मारतं तेव्हा हसतो. मोठं गुरगुरलं की घाबरतो. लहान गुरगुरलं की उचलून घेतो. मग ते घराचा मालक होऊन बसतं. जेवणाच्या ताटाजवळ बुरणूस गुरगुरायला लागला, तेव्हा काकांनी सांगितलं की ताट हिसकावू नका, उलट ताटात आणखी चांगलं काही टाकत जा. माणसाचा हात ताटाकडे आला म्हणजे वाढायलाच आला, हे त्याला पटलं आणि गुरगुर गेली.

आजीनं या सगळ्यात भाग घेतला नाही. ती फक्त 'हाड' म्हणायची. पण बघता बघता एक गंमत झाली. दुपारी चहाबरोबर ती भाकरीचा पापुद्रा खायची, आणि दात नसल्यानं कडा उरायच्या. बुरणूस जवळ सरकला की ती 'हाड' म्हणायची आणि त्याला लांब घालवायला म्हणून कड अंगणात फेकायची. दहा दिवसांत त्यानं हिशेब बसवला: 'हाड' म्हणजे भाकरी. आजी ओरडली की गाव भरातली कुत्री पळायची, आणि हा एकटा शेपटीचं वेटोळं हलवत धावत यायचा. शब्दाचा अर्थ शब्दात नसतो, त्याच्या मागोमाग काय येतं त्यात असतो. कातकरवाडीतल्या म्हाताऱ्यानं मला तेच सांगितलं होतं.

अंगाची निगा काकांनी त्यांच्या पद्धतीनं शिकवली. आखूड केसांच्या कुत्र्याला काही करावं लागत नाही हा मोठा गैरसमज. गुंता होत नाही एवढंच. गळायला मात्र पग कुणाला ऐकत नाही, कारण वरच्या केसांखाली त्याला दुसरा मऊ थर असतो. आजीच्या काळ्या लुगड्यावर भुरे केस दिसायला लागले तेव्हा रबरी खरारा आठवड्यातून तीनदा सुरू झाला, फणसाखालीच. तोंडावरच्या घड्या रोज ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरड्या करायच्या. ओल राहिली की आत चिघळतं. डोळे बाहेर आलेले, म्हणून फडकं डोळ्याकडे नेताना जपून. अंघोळ महिन्यातून एकदा पुरे, आणि आपला साबण नको, कुत्र्याची कातडी वेगळी. पावसाळ्यात आमच्याकडे चार महिने भिंतींनाही बुरशी येते, तेव्हा बोटांच्या बेचक्या पुसल्याशिवाय आत घ्यायचं नाही. नखात एक जिवंत शीर असते. टोकं तेवढी कापायची, शीर कापली तर रक्त येतं आणि पुन्हा जन्मात पाय देत नाही. फिरायला पहाटे किंवा दिवेलागणीला, आणि गळ्याला पट्टा न लावता छातीला गुंडाळणारा, म्हणजे श्वास दबत नाही. माघी गणपतीला महडच्या वरदविनायकाहून आलो की घरी शिरा व्हायचा. त्यातले बेदाणे याला वर्ज्य. कांदा, द्राक्ष, चॉकलेटही वर्ज्य. हे मात्र काकांना ठाऊक नव्हतं, तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनीच रेबीजची लस टोचली आणि एक पिवळं कार्ड दिलं. ते मी आजीला वाचून दाखवलं. तिनं ते दत्ताच्या तसबिरीमागे खोचलं.

आता माझी चूक सांगतो. २००७ चा श्रावण. गवत कमरेएवढं, गोचीड मायंदाळ. बुरणुसाच्या कानात, बोटांत, काखेत गोचीड झाले. मी चिमट्यानं काढायचो, रोज नवे. त्या दिवशी गोठ्यात बैलांना गोचिडाचं औषध पाण्यात कालवून लावत होतो. बादलीत उरलं. मनात आलं, बैलाला चालतं तर याला का नाही? अंदाजानं थोडं पाणी वाढवलं आणि त्याच्या अंगभर चोळलं. आखूड केस, औषध थेट कातडीला. वर त्यानं ते चाटलं.

अर्ध्या तासात तोंडातून लाळ सुरू झाली. मग फेस. पाय थरथरायला लागले, तो अंगणात भेलकांडत गोल फिरायला लागला. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी पाहिलं आणि ओरडला, "पिसाळलं! गुरुजींचं कुत्रं पिसाळलं!" दहा मिनिटांत अंगणात आठ-दहा माणसं, हातात काठ्या आणि कुदळीचे दांडे. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. फेसाळलेलं कुत्रं आणि रस्त्यावर खेळणारी पोरं. मीही तेच केलं असतं. मी मधे उभा राहून औषधाचं सांगत होतो, पण माझा आवाज फुटत नव्हता, आणि खरं तर लाजही वाटत होती.

तेव्हा आजी ओटीची पायरी उतरून खाली आली. तिच्या हातात ते पिवळं कार्ड होतं, उलटं धरलेलं, कारण तिला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या हातात तांब्या. ती म्हणाली, "बाजूला व्हा. पिसाळलेला मी पाह्यलाय." तिनं तांब्यातलं पाणी परातीत ओतलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. बुरणूस लडखडत आला आणि पाणी पिऊ लागला, अर्धं सांडत. आजी लोकांकडे वळली. "माझा भाऊ पाणी बघून ओरडायचा. हे पितंय. जा घरी."

लोक गेले. काठ्या खाली झाल्या.

ही परीक्षा खोटी आहे, हे मला लिहिलंच पाहिजे. पाण्याची ती भीती माणसाला होते. पिसाळलेलं कुत्रं पाणी पिऊही शकतं. डॉक्टरांनी मला त्याच संध्याकाळी हे ठणकावून सांगितलं, आणि पाणी दाखवून निकाल लावू नका असं मी पुढे शाळेत दरवर्षी सांगत आलो. त्या दिवशी खरी होती ती लस आणि ते कार्ड. पण कार्डाला ऐकणारं तिथे कोणी नव्हतं. एकाहत्तर वर्षं जपलेल्या दुःखाला ऐकलं. डॉक्टरांनी सौम्य साबणानं त्याला तीनदा धुतलं, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. मला म्हणाले, "गुरुजी, चारशे किलोचा बैल आणि सात किलोचं कुत्रं, हे त्रैराशिक तुम्हाला मी सांगायचं का?" रात्रभर मी दवाखान्याच्या बाकावर बसलो. पहाटे त्यानं मान उचलली.

घरी आणला तेव्हा पाऊस लागला होता. मी सवयीनं पडवीत गोणपाट टाकायला लागलो. आजी आतून म्हणाली, "भिजलाय तो. पाय पूस आनि आत आण." मी बेचक्या पुसल्या. तिनं तिच्या वाकळेचा एक पदर जमिनीवर पसरला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

आजी २०११ साली गेली, सत्त्याऐंशीव्या वर्षी. काका पुढच्या वर्षी. बुरणूस त्यांच्यानंतर चार वर्षं होता. शेवटी दिसत नव्हतं त्याला, पण फणस मात्र चुकला नाही. फार्महाऊसवाल्यांनी सोडलेली कुत्री अजून येतात, जात बदलते फक्त. माझ्याकडे लोक विचारायला येतात. मी रबरी खरारा दाखवतो, चार शब्द सांगतो, लसीचं कार्ड आहे का विचारतो, आणि बैलाच्या औषधाची गोष्ट न चुकता सांगतो.

बुरणूस गेल्यानंतरचे काही दिवस एक गोष्ट मी मुद्दाम टाळत होतो. एकदा दारात शेजारचं कुत्रं आलं आणि माझ्या तोंडून सहज 'हाड' निघालं. शब्द बाहेर पडला आणि माझा हात आपसूक भाकरीच्या टोपलीकडे गेला.